पाळी

रुवीत, होंडा रोडच्या मागच्या गल्लीत,
गिअरबॉक्स विकणाऱ्या दुकानावर दुसरा मजला.
शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही चपला बाहेर काढतो.
आत तसबीर नाही, पोथी नाही,
स्टीलच्या तपेलीत पाणी, बस.
पूर्वी समई असायची.
एकदा छतावरचा भोंगा कोकलला,
अख्खी इमारत जिन्यात, कुणी टॉवेलवर,
तेव्हापासून पाणी.

नियम एवढाच: ज्याची पाळी त्यानं बोलायचं,
बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.
हमीदा परकार सांगते,
या आठवड्यात कुणाला माफ करणं जमलं नाही ते.
सॉलोमन भिंगारदिवे एक ओळ वाचतो
आणि त्याच ओळीशी भांडत बसतो.
मी देवाबद्दल म्हणून सुरू करते,
आईवर येऊन थांबते.

आणि टिपणीस. दाराजवळची खुर्ची.
"माझी पुढं सरकवा."
नऊ वर्षं.
देव मानत नसत; म्हणायचे, "ते तुमचं प्रकरण."
चहा मात्र त्यांचाच, आलं ठेचून,
बाल्कनीतल्या डब्यातला गवती चहा घालून.
एकदा मी चिडले, मग येता कशाला?
म्हणाले, "घरी गप्प बसलो की एकटा असतो.
इथं गप्प बसलो की नुसता गप्प असतो."

एका हिवाळ्यात डोंगरापलीकडच्या गावी गेलो होतो.
खजुरांखालून पाट वाहतो, फलज म्हणतात.
एक म्हातारा काठीची सावली पावलांनी मोजायचा
आणि चिंधी गुंडाळलेला दगड हलवून
पाणी या बागेतून त्या बागेत वळवायचा.
टिपणीस उन्हात तासभर उभे.
जन्मभर हिशेब तपासलेला माणूस.
परतताना गाडीत एवढंच बोलले,
"मनगटावर घड्याळ होतं हो त्याच्या.
तरी सावलीच मोजत होता."

मे महिन्यात गेले. झोपेत.
कंपनीच्या माणसानं फॉर्म पुढं केला,
एका रकान्यावर त्याचं पेन थांबलेलं.
अकोल्याहून बहिणीचा फोन:
"तुमच्या पद्धतीनं करा काय ते."
आमची पद्धत!
जिन्यात उभं राहून आम्ही भांडलो.
हमीदा म्हणाली, फातिहा म्हटली नाही तर मला झोप नाही,
म्हटली तर ते हसतील.
सॉलोमन म्हणाला, जिवंतपणी जे लादलं नाही
ते आता गुपचूप कसं लादायचं?
मला पंधरावा अध्याय पाठ. जिभेवर आला होता.
गिळला.
गिळताना कळलं, पाठ आहे एवढंच,
आजवर मी तो म्हटलेलाच नाही.

शवागाराबाहेर पत्र्याची शेड, गाड्यांसाठीची.
तिथं उभे राहिलो, पाच जण,
मध्ये जमिनीवर पाण्याची बाटली.
एकेकाची पाळी.
सॉलोमननं त्यांच्या चहाचं प्रमाण सांगितलं, चमच्यांत.
हमीदाचे ओठ हलले, आवाज आला नाही,
आम्ही सगळ्यांनी ऐकलं.
मी म्हणाले, मला त्यांचा राग येतो.
मग त्यांची पाळी आली.
कुणी पुढं सरकवली नाही.

मागं येणाऱ्या ट्रकची पींपीं,
कुणाच्या तरी खिशात थरथरणारा फोन,
मानेवरून उतरणारा घाम.
मला वाटलं होतं, आत काहीतरी उजळेल.
तसं झालं नाही.
पण मला कुठंही जायची घाई नव्हती,
आणि ही गोष्ट माझ्यासाठी नवी होती.

पुढच्या शुक्रवारी सोहारहून बदलून आलेला एक मुलगा,
कुणाला न विचारता दाराजवळच्या खुर्चीत बसला.
हमीदाचा हात उचलला गेला, परत मांडीवर आला.
त्याची वेळ आली तेव्हा कानाची पाळी चोळत म्हणाला,
"मला अजून काही बोलायचं नाही. चालेल ना?"
चालेल, आम्ही म्हणालो,
सगळे एकदम, जरा मोठ्यानंच.

एसीच्या वाऱ्यानं तपेलीतलं पाणी बोटभर उतरलं होतं.
चहा पाणचट झाला.